वाहिनीतला काना

ज्या वर्षी सिंधूवन्संच्या नातवाचं बारसं दोनदा करावं लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. पहिल्या वेळी बाळाच्या आत्याची गाडी वाटेत बंद पडली, तिच्याऐवजी शेजारणीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि आत्या पोचल्यावर म्हणाली, हे नाव मला मान्य नाही. म्हणून मिरजेत पुन्हा पाळणा बांधला. मला पहिल्या बारशाचं बोलावणं नव्हतं आणि दुसऱ्याचंही नव्हतं.

त्या दुसऱ्या बारशाच्या सकाळी माधवभावजी मागच्या दारी पायरीवर बसून मिश्री लावत होते. माधवभावजी म्हणजे माझे मालक रंगराव यांचे धाकटे भाऊ. सांगलीला तंत्रनिकेतनात शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलं नव्हतं. रंगराव जाऊन दीडेक वर्ष झालं होतं आणि तासगावच्या त्या घरात आता आम्ही दोघंच होतो. पुढं बंद पडलेली पिठाची गिरण, मागं तीन खोल्या.

भावजी खाकरले. म्हणजे त्यांनी मला हाक मारली.

हे जरा सांगायला हवं. दिरानं भावजयीला वहिनी म्हणायचं असतं. पण मी त्या घरात माप ओलांडून आले नव्हते. रंगरावांची पहिली बायको वर्षाच्या आत माहेरी गेली ती परत आली नाही, पुढं तिकडंच वारली. त्यानंतर रंगरावांनी जतच्या बाजूला एका देवळात माझ्या गळ्यात हार घातला आणि गिरणीच्या मागच्या दारानं मला घरात आणलं. सासूबाई चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "ह्या घरात हिला कुणी वहिनी म्हणायचं न्हाई." पुढं सासूबाई वारल्या, पण त्यांचा शब्द राहिला. वन्सं मला गजराबाई म्हणत, धुणंभांडी करणारीला म्हणावं तसं. भावजींना आईचा शब्द मोडवेना आणि माझं नाव घेणंही बरं दिसेना. म्हणून ते खाकरायचे. जेवायला वाढा, खाकरले. किल्ली कुठाय, खाकरले. एकदा रंगराव घाबरून त्यांना सांगलीला घेऊन गेले आणि छातीचा फोटो काढून आणला. छाती स्वच्छ होती.

तर त्या सकाळी ते खाकरले आणि मी बाहेर आले.

"फोन आणा तुमचा," ते ओठ मिटूनच म्हणाले. तोंडात मिश्री होती. "त्यावर आकडा येईल."

"तुमच्या फोनला काय झालं?"

"माझ्या नंबरावर फार खाती झालीत. आता घेत नाही."

खातं कशाचं, तर त्यांच्या प्रकल्पाचं. पहिल्यांदा त्यांनी प्रकल्प म्हटलं तेव्हा मी विचारलं होतं, आपल्याला उठवणार का. आमच्याकडं प्रकल्प म्हणजे धरण. ते म्हणाले, हा तसला नाही. मराठीत लिहिताना शुद्धलेखनाच्या चुका दाखवणारा प्रोग्राम त्यांनी केला होता, नाव कानामात्रा. तो कुणीही फुकट घ्यावा, आत काय लिहिलंय ते उघडून बघावं, बदलावं.

"आणि कुणी चोरला तर?" मी विचारलं होतं.

"चोरावा म्हणूनच उघडा ठेवलाय."

नागपूरपासून जर्मनीपर्यंतची मराठी माणसं पगार न घेता त्यावर काम करायची. त्या सगळ्यांनी ठरवलं होतं की प्रकल्पाचं स्वतःचं व्हिडिओचं चॅनेल पाहिजे, प्रोग्राम कसा बसवायचा ते लोकांना दाखवायला. लोकांना लिहून सांगितलेलं वाचवत नाही, असं शुद्धलेखनवाल्यांचंच मत पडलं.

आकडा आला, तो मीच भरला. मग नाव लिहायची जागा आली. भावजींचे हात मिश्रीनं भरलेले.

"लिहा तुम्हीच," ते म्हणाले. "कानामात्रा. पुढं, अधिकृत वहिनी."

मला साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकून बरीच वर्षं झाली होती, पण मी एकेक अक्षर शोधूनच दाबायची. माझं बोट थांबलं.

"अधिकृत म्हणजे?"

"म्हणजे खरी. मान्यता असलेली. दुसऱ्या कुणी असतील त्या खोट्या."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते पेरूच्या झाडाकडं बघत दात घासत होते. मला वाटलं, तोंडानं म्हणवत नाही म्हणून हा माणूस लिहून म्हणतोय. मी लिहिलं. त्यांनी चूळ भरली आणि म्हणाले, "दाबा." मी दाबलं.

ते बारशाला गेले. दिवसभर मी तो फोन पदराला पुसून पुसून बघत होते.

संध्याकाळी आले ते पेढ्याचा पुडा ठेवून थेट कॉम्प्युटरपुढं बसले. थोड्या वेळानं खाकरले. हे खाकरणं वेगळं होतं.

"हे काय लिहिलंत?"

"तुम्ही सांगितलं ते."

"मी वाहिनी सांगितलं. वाहिनी. चॅनेलला मराठीत वाहिनी म्हणतात. काना कुठं गेला?"

"तुमच्या मिश्रीत गेला असंल," मी म्हटलं. "आणि चॅनेलला सगळं गाव चॅनेलच म्हणतं. वाहिनी पाण्याच्या नळाला म्हणत्यात."

वा म्हणायला तोंड उघडावं लागतं आणि मिश्री असताना ते उघडता येत नाही, हे त्यांनाही कळलं असावं. त्यांनी नाव बदलायला घेतलं, तर काही दिवस बदलता येणार नाही असं उत्तर आलं. मग त्यांनी ते नाव आपल्याच प्रोग्राममध्ये घालून तपासलं. प्रोग्रामनं हिरवी खूण दाखवली. त्यांनी पुन्हा तपासलं. पुन्हा हिरवी. वहिनी हा शब्द शुद्धच आहे, त्यावर लाल रेघ यायचं कारण नव्हतं.

पहिला व्हिडिओ त्यांनी स्वतः केला. पण माणसासमोर बोलायचं म्हटलं की घसा आधी खाकरायचा, ती सवय कॅमेऱ्यापुढंही सुटेना. नागपूरची ऋजुता कामाची वाटणी बघायची, बँकेत नोकरी करून. तिचा फोन आला. "काका, तुमची तब्येत बरी आहे ना? लोक विचारताहेत." दुसऱ्या कुणाला वेळ नव्हता. शेवटी भावजींनी कॅमेरा माझ्याकडं वळवला. म्हणाले, तुम्ही नुसतं करत जा आणि काय करताय ते सांगत जा.

मी तेच केलं. "हितं दाबायचं. दाबलं. काय झालं न्हाई. थांबायचं. दूध तापायला लागतंय तेवढं थांबायचं. आता आलं बघा." प्रोग्राममधल्या चुकांना ही माणसं किडे म्हणतात असं भावजींनी सांगितलं होतं. म्हणून नवी आवृत्ती निघाली की मी सांगायची, "ह्या खेपेला पुष्कळ किडे निवडलेत. अजून असतील. दिसले तर कळवा, परत पाखडून घेऊ."

लोक बघायला लागले. खाली लिहायला लागले. वहिनी नमस्कार. वहिनी, आमच्याकडं इथं दाबल्यावर कॉम्प्युटर बंद पडतो. वहिनी, मुलगा परदेशातून फोन करत नाही, काय करावं. एकानं विचारलं, अधिकृत वहिनी इथं आहेत, तर अनधिकृत कुठं असतात. मी सगळ्यांना उत्तर द्यायची. कॉम्प्युटरवाल्याला म्हणायची तार हलवून बघा, आणि मुलगा फोन न करणाऱ्याला म्हणायची तुम्हीच करा. प्रकल्पाची आणखी दोन-तीन खाती होती, फोटो टाकायचं एक, नुसतं लिहायचं एक. सगळीकडं तेच नाव गेलं होतं. नाव बदलायची मुदत कधीच येऊन गेली होती. भावजी रोज म्हणायचे, आज बदलू, आणि रोज काहीतरी निघायचं.

मग एका गुरुवारी सिंधूवन्सं एसटीनं आल्या. चप्पल काढायच्या आधी त्यांनी फोन भावजींच्या नाकापुढं धरला.

"हे काय हाय?"

"आमच्या प्रकल्पाचं..."

"प्रकल्प राहू दे तुझा. हिला अधिकृत कुणी केली?"

मी चहा टाकायला आत गेले, पण तीन खोल्यांच्या घरात आत जाऊन काही उपयोग नसतो.

"ताई, ती चूक आहे," भावजी म्हणाले. "काना राहिलाय."

"चूक हाय न्हवं? मग दुरुस्त कर. दादा गेला. आता हिचं हितं काय? तू बिनलग्नाचा, ही तुझी कोण न्हाई. मिरजेत माझ्या जावा तोंडाला पदर लावून हसत्यात. वरीसभर सांगतीया, तिला जतला भावाकडं पोचीव. आन् तू साऱ्या जगाला सांगतोस वहिनी म्हणून. तो काना घाल आन् हिची पिशवी भर."

माझ्या जतच्या भावानं देवळातल्या त्या हारानंतर माझं तोंड पाहिलं नव्हतं. मी कपबशा घेऊन उभी होते आणि मला कळलं की आता माझं राहणं त्या एका उभ्या रेघेवर आहे. ती घातली की मी तिकडं.

"मला एकट्याला बदलता येत नाही," भावजी शेवटी म्हणाले.

"का? तुझंच हाय न्हवं?"

"माझं नाही. कुणाचंच नाही. सगळ्यांचं आहे. चूक वाटली तर ती उघडपणे नोंदवायची, सगळ्यांनी मत द्यायचं, रविवारच्या बैठकीत ठरतं. कुणालाही नोंदवता येते."

"कुणालाबी?"

"हो."

"मग मी नोंदवती," असं म्हणून वन्संनी खुर्ची ओढली.

चूक नोंदवायला प्रकल्पाचे ठरलेले प्रश्न असतात. भावजी वाचत गेले, वन्सं सांगत गेल्या आणि भावजी जसंच्या तसं टाइप करत गेले.

"काय घडायला हवं होतं?"

"तिनं आपल्या गावी जायला पायजे होतं."

"प्रत्यक्षात काय घडलं?"

"दादानं मागल्या दारानं आणली."

"कोणत्या यंत्रावर ही चूक आढळली?"

वन्संनी जरा विचार केला. "पिठाच्या गिरणीवर."

"हीच चूक पुन्हा कशी घडवून दाखवता येईल?"

"माझा भाऊ पुन्हा जल्माला आला तर."

भावजींची बोटं तिथं थोडा वेळ थांबली. मग त्यांनी तेही लिहिलं. फक्त जल्माचं जन्म केलं.

दोन दिवसांत त्या नोंदीखाली लोकांची रांग लागली. एकानं लिहिलं, ही चूक आमच्या काकांच्या घरीही आढळते. जर्मनीत राहणारे शिरोळकर म्हणून एक होते, त्यांनी विचारलं, गिरणी कोणत्या बनावटीची आहे. ऋजुतानं नियमाप्रमाणे शिक्का मारला, प्राधान्य कमी. ते वाचून वन्संनी त्या वेळचं जेवण टाकलं. कमी कसं, म्हणाल्या. रविवारपर्यंत त्या मिरजेला परत गेल्या नाहीत. येता-जाता भावजींच्या खांद्यावरून बघत राहिल्या की आपल्या बाजूनं कुणी काही लिहिलं का. आमच्या दोघींचं बोलणं नव्हतं, पण मी वाढत होते ते त्या खात होत्या. शनिवारी मी भाकरी थापत असताना त्यांनी माझी पिशवी खुंटीवरून काढून खाटेवर ठेवली. मी ती परत खुंटीला लावली नाही.

बैठक रविवारी दुपारी होती. अशा बैठका चॅनेलवरून सगळ्यांना दाखवायच्या असतात, उघड कारभार म्हणून. ते काम माझं. मी कॅमेरा लावला, चालू झाल्याची खूण बघितली आणि चहाला आत गेले. भावजी कॉम्प्युटरपुढं बसले आणि त्यांच्या शेजारी ठेवणीतलं लुगडं नेसून वन्सं. पडद्यावर चौकोनाचौकोनांत माणसं होती. कुणी जेवत होतं, एकाच्या मांडीवर मांजर होतं.

"सिंधूताईंचा मुद्दा घेऊ," ऋजुता म्हणाली. "ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात सांगता?"

"थोडक्यात हेच की ती वहिनी न्हाई."

"म्हणजे शब्द चुकीचा आहे?"

"शब्द बरोबर हाय. बाई चुकीची हाय."

मांजरवाला हसला. शिरोळकर म्हणाले, "एक तांत्रिक बाब मांडतो. कुठला शब्द बरोबर धरायचा, याचा नियम माधवरावांनीच घालून दिलाय. पुस्तकात काय आहे ते नंतर. लोक काय वापरतात ते आधी."

"बरोबर," ऋजुता म्हणाली. "मग वापर बघू. बघणारे तर सगळे वहिनीच म्हणतात. पण ते बाहेरचे झाले. घरातला वापर महत्त्वाचा. काका, तुम्ही त्यांना घरी काय म्हणता?"

मी आत गाळणं धरून उभी होते. मग भावजी खाकरले.

मी गाळणं ठेवलं आणि बाहेर आले. हात पदराला पुसत त्यांच्या खुर्चीमागं उभी राहिले. "काय पायजे?"

भावजींनी मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि बघतच राहिले.

"तुम्हाला कुणी बोलावलं का?" ऋजुतानं विचारलं.

"व्हय. ह्यांनी."

"आम्ही नाही ऐकलं. कधी?"

"आत्ता न्हाई का खाकरले."

मांजरवाला हसायला लागला आणि मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. ऋजुता हळू आवाजात म्हणाली, "काका, म्हणजे ते पहिल्या व्हिडिओतलं..." आणि थांबली.

भावजींचे कान लाल झाले. त्यांनी मान खाली घातली, टेबलावरचं काहीतरी चाचपलं आणि बोलायला लागले. फार बोलले. आईनं सांगितलं तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो, म्हणाले. आधी वाटलं चार दिवसांचं आहे, आई निवळेल. मग आई गेली. मग वाटलं, आता एकदम म्हटलं तर त्यांना काय वाटेल, इतकी वर्षं का नाही म्हटलं. मग घशाला सवय झाली. दादा गेला त्या रात्री ह्या दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या, मी समोर उभा राहून खाकरलो, दुसरं काही तोंडातून येईना, आणि ह्या तेवढ्यावर उठल्या आणि माझ्यामागून आल्या. मी, ताई, शुद्धलेखन बघतो. चाळीस हजार शब्द मी तपासलेत. हा एक मी तोंडातून काढला नाही.

वन्सं लुगड्याचा काठ दुमडत बसल्या होत्या.

"काका," पडद्यावरून ऋजुता म्हणाली, "तुमचा आवाज बंद आहे. ओठ हलताना दिसतात, पण काही ऐकू आलं नाही."

चाचपताना त्यांच्या हातून आवाजाचं बटण बंद झालं होतं. त्यांना ते सापडेना. मी खांद्यावरून हात घालून चालू केलं, ते माझंच काम होतं.

"परत सांगा," मी म्हटलं.

ते पडद्याकडं वळलेच नाहीत. माझ्याकडं बघत होते. खाकरायला लागले आणि त्यांनी ते गिळलं.

"वहिनी," ते म्हणाले, "काना घालायचा नाही."

"ठीक आहे," ऋजुता म्हणाली. "घरातला वापर, वहिनी. आणखी कुणाचा विरोध?"

"माझा हाय," वन्सं म्हणाल्या. "माझा इरोध लिवून ठेवा."

"लिहिला, ताई."

"ठळक लिवा."

"ठळक केला."

"आन् ते कमी प्राधान्य काढा."

"काढलं."

त्यावर वन्संचं समाधान झालेलं दिसलं. चहा घेतला, साखर कमी हाय गजराबाई, म्हणाल्या. पाचच्या गाडीनं त्या मिरजेला गेल्या. जाताना खाटेवरची पिशवी त्यांनी बघितली, आणि तिच्यात शेंगा भरून घेऊन गेल्या. ती पिशवी मला परत मिळाली नाही आणि तिचा विषयही पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळी ऋजुतानं ती नोंद बंद केली. अशा नोंदी बंद करताना कारण लिहावं लागतं. ते मी एकेक अक्षर लावून वाचलं. चूक नाही, जसं चालायला हवं तसं चालतं आहे.

त्यानंतर भावजी मला वहिनी म्हणायला लागले, पण घसा ऐकेना. आधी खाकरायचे आणि मग म्हणायचे. दोन्ही मिळून हाक व्हायची. चॅनेलचं नाव तसंच आहे. काही माणसं अजूनही दर आठवड्याला कळवतात की काना राहिलाय. मी त्यांना ती नोंद पाठवते.

सिंधूवन्सं २०२१च्या एप्रिलमध्ये मिरजेला करोनानं गेल्या. शेवटपर्यंत मला गजराबाईच म्हणाल्या. माधवभावजी १४ सप्टेंबर २०२४ला, शनिवारी सकाळी, मागच्या दारी पायरीवर बसलेले असताना गेले. गौरींचं विसर्जन होऊन दोन दिवस झाले होते.